आधी कच्चं, मग पक्कं

तेवीस वर्षं शिकवून झाल्यावर मला शिकवता येतं की नाही, हे तपासायचं ठरलं. ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरली आहेत त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास करायची, नाहीतर नोकरी सोडायची, असा कोर्टाचा निकाल. मला नऊ वर्षं उरली आहेत. मुकुटबनजवळच्या आमच्या शाळेत दोनच शिक्षक. मुख्याध्यापक चोपन्न वर्षांचे, म्हणून ते सुटले.

"तुम्ही कायले भेता मॅडम?" ते म्हणाले. "चवथीपर्यंतचंच तं इचारतात. रोज शिकवून राह्यल्या ना?"

चौथीचं कुठलं! बालमानसशास्त्र विचारतात. मूल का रडतं याचे चार पर्याय देतात, आणि मला त्या चारही कारणांनी रडलेली मुलं माहीत असतात. शाळेत खिचडी शिजेपर्यंत आणि घरी भाकरी टाकून झाल्यावर मी वाचायची. तेच पान तीनतीनदा वाचायची आणि पुस्तकावरच पेंगायची. विसाव्या वर्षी अभ्यासाचा कंटाळा यायचा, एकोणपन्नासाव्या वर्षी अभ्यासाने अंग दुखतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी एसटीने वणीमार्गे यवतमाळ गाठलं आणि नणंदेकडे राहिले. केंद्रावर बाकं शाळकरी पोरांची, गुडघे मावेनात. दीडशे प्रश्न, अडीच तास, आणि पास व्हायला नव्वद गुण.

पेपर येत होता. हे मला आजही ओरडून सांगावंसं वाटतं, पेपर येत होता. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आधी पाटीवर कच्चं करा, मग वहीत पक्कं उतरवा, असं मी तेवीस वर्षं मुलांना बजावत आले. तिथेही मी तेच केलं. प्रश्नपुस्तिकेत बरोबर उत्तरांपुढे खुणा करत गेले. उत्तरपत्रिकेवरचे गोल शेवटच्या अर्ध्या तासात एकदम काळे करू, म्हणजे खाडाखोड नको. पण चष्म्याआडून ते लांबलचक प्रश्न वाचता वाचता तो शेवटचा अर्धा तास कधी सुरू झाला ते कळलंच नाही.

पर्यवेक्षक बाकाशी थांबले. "मॅडम, गोल तं सगळे कोरेच हाये तुमचे. वीस मिनिटं राह्यली फक्त."

मी पेन घट्ट धरून गोल भरायला लागले. बोटं आखडली. ओळ चुकेल म्हणून प्रत्येक आकड्यावर डाव्या हाताचं बोट ठेवत होते, पहिलीतली मुलं वाचताना ठेवतात तसं. घंटा झाली तेव्हा चौऱ्याऐंशी गोल भरले होते. सगळे बरोबर निघाले तरी नव्वद होत नाहीत. निकाल लागायच्या आधीच मी नापास झाले होते, आणि दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. पुन्हा परीक्षा होईल म्हणतात. पुन्हा बसावंच लागेल.

सोमवारी वर्गात अकराच मुलं होती. बाकीची कापूस वेचायला गेलेली. मुख्याध्यापकांनी दारातूनच विचारलं, "कसा गेला पेपर?"

लपवण्याइतकंही त्राण नव्हतं. "नापास झाले," मी मुलांसमोरच म्हटलं.

पहिल्या रांगेतली एक मुलगी, जिच्या भावाला यंदा पाचवीतच ठेवलंय, ती एकदम हरखली. "मंग तं बरंच झालं ना मॅडम! नापास झालं का त्याच वर्गात बसवतात. आता तुमी कुठीच नाई जासान. इथंच राह्यसान आमच्यापाशी."

मुख्याध्यापक ऑफिसात गेले. मी तिला हो म्हटलं. तेवीस वर्षांत वर्गात जाणूनबुजून दिलेलं ते माझं पहिलं चुकीचं उत्तर.