मोठीआयेच्या भोपळ्याची टोपी

मोठीआये मातीच्या वजनालासुद्धा घाबरायची. बी पेरताना वर चिमूटभरच माती टाकायची. जास्त टाकली तर "तेचो जीव घुसमटतलो" म्हणायची. ती माझ्या सासऱ्यांची थोरली वहिनी, विधवा. त्र्याऐंशी साली मी सावंतवाडीहून लग्न होऊन आचऱ्याला आले, तेव्हा घरातलं घाबरण्याचं खातं तिच्याकडेच होतं. वीज कडाडली, पोस्टमन दारात आला, की तिचा हात छातीवर. मी तिला हसायचे. म्हणजे मनातल्या मनात. कारण सासूबाईंची नुसती पावलं वाजली तरी माझ्या हातून चहा सांडायचा.

माती कमी, म्हणून तिच्या भोपळ्याचे कोंब बीचं टरफल डोक्यावर घेऊनच वर यायचे. पानं आत अडकलेली. सासूबाई म्हणायच्या, "वैनी, जरा खोल पेरा. माती आपणच टोपी काढून घेता. सगळो गाव तसोच पेरता." मोठीआये मान हलवायची आणि पुन्हा चिमूटभरच टाकायची. मग रोज सकाळी ओल्या फडक्याने टरफलावर कोमट पाणी सोडत बसायची. कुणी जवळ गेलं की म्हणायची, "ओढू नको गो. कोंबान आपणच सोडल्यान की टरफल घेवचा."

त्याच वर्षी खारेपाटणला, तिच्या माहेरी, तिचा भाऊ वारला. माहेरचा भोपळा लावणारं तिथे कुणी उरलं नाही. तिच्याकडे उरलेल्या त्या माहेरच्या बियांपैकी एकच रुजली, तीही टोपीसकट. टरफल काही केल्या सुटेना. कोंब पिवळा पडू लागला. थांबावं तर कुजणार, ओढावं तर मान मोडणार.

"माझे हात कापतत," ती म्हणाली. "तूच काढ."

"मोठीआये, माझेही कापतायत."

"मगे बरा. भियेल्लो हात हळू पडता."

मी टरफलाच्या फटीत नख घातलं. सासूबाईही वरवंटा थांबवून बघत होत्या. टक् असा बारीक आवाज झाला. मोठीआयेने डोळे गच्च मिटले.

"मोडलो नाय मां?"

मलाही बघायचा धीर होईना. बघितलं, तर टरफल माझ्या नखाला आणि दोन चुरगळलेली पानं उन्हात.

पुढे यजमानांची बदली झाली. निघताना त्याच वेलाच्या बिया तिने माझ्या पदराला बांधल्या. "तेंच्यार वझा घालू नको हां," बियांवरच्या मातीबद्दल एवढंच म्हणाली. आम्ही परत भेटलो नाही.

खोल पेरलं की टोपी मातीतच राहते, हे मला पक्कं ठाऊक आहे. लेकही सांगून थकली. पण बी हातात घेतली की माझ्याच्याने चिमटीपुढे माती टाकवत नाही. मग कोमट पाण्याची वाटी घेऊन, जीव मुठीत धरून, मी कुंडीपाशी बसते.