मुकादमाचं बक्षीस

मंडळी, आज दुपारी गिरणी सुटल्यावर शेजारची चंद्रव्वा घरी आली. वय पंधरा. एका हातात नव्या बांगड्या, दुसऱ्या हाताच्या बोटाला चिंधी. मला दोन्हींचा संशय आला.

"बांगड्या कुणी दिल्या?"

"मुकादमानं, मास्तर. नव्या पेठेतनं आणल्यात. यंत्र न थांबवता अडकलेलं सूत जी लवकर काढंल, तिला बक्षीस."

"आणि बोट?"

"जरा खरचटलं. लई न्हाय."

"यंत्र थांबवायचं होतंस."

"एकटी असले की थांबवतेच की! आज समद्या पोरी बघत हुत्या. थांबवलं असतं तर गंगव्वा जिंकली असती, आन् वर मलाच भित्री म्हणाली असती."

"मोठ्या बायका ही पैज लावत नाहीत?"

ती हसली. "त्यास्नी मुकादम इचारतच न्हाय. त्या चालत्या यंत्रात हात घालत न्हाईत की."

म्हणजे कोणत्या वयाला काय दाखवायचं, हे त्या माणसाला नेमकं ठाऊक आहे. उद्याच्या पैजेला त्यानं चोळीचा खण लावला आहे. चंद्रव्वा जाणार आहे. तिच्या आईनं खणाचा रंगही सांगून ठेवला आहे.

तुमच्या घरी असं बक्षीस आलं, तर ते कशाबद्दल मिळालं, हे तुम्ही विचारता का?