बिनशेपटाचं इमान

माजी दोन वर्षांची सुगी चिंचोक्यासंगं खेळत हुती, एक चिंचोका तिच्या श्वासनळीत अडकला. दुधनीहून सोलापूरला आनली तर डाक्टर म्हनाले, हितं निघायचा न्हाय, पुन्याला न्या, इमान हाय.

होटगी रस्त्याच्या माळावर ते बघितलं. शेपूट न्हाय, धड न्हाय, नुसतं पंखच पंख, घोंगडी पसरल्यावानी. लढाईत ह्यातनं बाँब टाकायचे म्हनं. आता बाँबच्या जागी बाकडी बसवून आजारी मान्सं नेतात. सोबत एकालाच जागा. माज्या मालकांनी भाकरीचं गठुडं दिलं अन् तोंड फिरवलं.

आदी सगळ्यांना धान्याच्या काट्यावर जोखलं, गठुड्यासकट. पायलटदादा म्हनाले, दोन्ही पंख सारखे पायजेत, मी सांगितल्याबिगर कुनी उठायचं न्हाय. सुगीला हवेच्या नळीपाशी, उजव्या पंखात नर्सबाईजवळ निजवलं. तिकडची बाकडी भरलेली, म्हून मी डावीकडं.

इमान उठलं. कानात दडे बसू नयेत म्हून नर्सबाईंनी कायतरी चावायला सांगितलं, मी कडक भाकरी चावत खाली बघितलं. सिद्धेश्वराचं तळं वाटीएवढं, गिरनीची चिमनी काडीएवढी. भ्या वाटत हुतं अन् नजर बी हटंना. तुमाला सांगते, लई भारी.

तेवढ्यात सुगी घुसमटली, नळी उपसायला लागली. मला बघून हात पसरले. मी उठले तर पायलटदादा वरडले, बसा.

सुगीच्या शेजारी एक तेलुगू अक्का बसली हुती, साड्या इननारी. तिनं इचारलं, "वजन किती भरलं गं तुझं?"

"पंचेचाळीस किलो. गठुड्यासकट."

"माझं पण पंचेचाळीस. ये, मी तिकडं जाते. गठुडं घेऊन ये."

"पन अक्का, त्यातली एक भाकरी मी खाल्ली की."

सगळं इमान हसलं. अक्का म्हनाली, "खाल्लेली तुझ्यातच हाय की. रा अम्मा (ये बाई)."

पायलटदादांनी हो म्हनून पावलं मोजली. एक तिचं, एक माजं. मधोमध आमी आलो तवा तिनं माजा हात दाबला, अन् पुढं गेली. सुगी मांडीवर आली, गळ्याला मिठी मारली, नळी नाकाशी राहू दिली. पुन्यापतुर मी हाललेच न्हाय.

पुन्याच्या दवाखान्यात चिंचोका निघाला. येताना यष्टीनं आलो, सुगी सगळ्या वाटंनं बडबडत हुती. आता त्या इमानाचा इषय निघाला की दुधनीची बायामान्सं मला इचारत्यात, भ्या न्हाय वाटलं? वाटलं की. मग मी अक्काचं सांगते. तिचं नाव इचारायचं राहिलं. वजन तेवढं ठावं हाय.