मटार पडल्याची केस

ती घटना मला आजही आठवते, म्हणजे खरं सांगायचं तर घरातली माणसं मला ती विसरूच देत नाहीत. जेवताना पानाबाहेर एखादा दाणा सांडला, की मुलगी गंभीर चेहरा करून विचारते, "बाबा, क्रेन बोलवायची का?" तर आधी क्रेनचं सांगतो, म्हणजे ती बाजू एकदाची मोकळी होईल.

माझी बहुतेक नोकरी जबलपूर शहरातच गेली. रांझीच्या ठाण्यात बरीच वर्षं होतो. तिथे सायकलचोऱ्या, कारखान्याची पाळी सुटल्यावरची भांडणं, भाडेकरू आणि घरमालक असा कारभार. शेतीशी माझा संबंध भाजीच्या पिशवीपुरता, आणि ती पिशवीसुद्धा बायकोच आणायची. निवृत्तीला थोडा काळ उरला होता तेव्हा बदली झाली ती सिहोऱ्याकडच्या एका ठाण्यावर. हंगाम मटाराचा. आमच्या भागात थंडीत दुसरं काही बोलतच नाहीत. चहाच्या टपरीवर मटार, लग्नाच्या मांडवात मटार, कोर्टाच्या व्हरांड्यात मटार.

रुजू झालो त्याच आठवड्यात सकाळी ठाण्यातला फोन वाजला. ठाण्याचे लेखनिक, मुन्शीजी, चहा आणायला गेले होते म्हणून मी उचलला. पलीकडे एक घाबरा आवाज. "साहब, मटर गिर गया। बहुत बुरा गिरा है। यहाँ सब मर गए।" मी विचारलं, कुठे? तो म्हणाला, मंडीच्या रस्त्यावर, आणि फोन कट.

तीस वर्षं नोकरी केलेला अधिकारी काय करील? मी वायरलेसवरून रुग्णवाहिका मागवली, क्रेन मागवली, आणि शिपाई घेऊन स्वतः निघालो. मंडीच्या रस्त्यावर पोचलो तर माणसं शेकोटीभोवती उदास बसलेली, पण सगळी जिवंत. अपघाताचा पत्ता नाही. भाव पडला होता. नागपूरकडून मागणी कमी आली होती, एवढंच. आता आपल्या मराठीतही भाव पडतो. पण आपण निदान 'भाव' हा शब्द तोंडातून काढतो. इथले लोक तो गिळून टाकतात. मटर चढला, मटर उतरला, मटर गिर गया. क्रेनवाला मला विचारत होता, "साहब, उठाना क्या है?" त्या दिवसापासून वायरलेसवर माझं नाव क्रेन साहेब पडलं, ते निवृत्तीपर्यंत.

मग मी हट्टाने शिकलो. मंडीत जाऊन व्यापाऱ्यांशी बोललो. पंजाबचा माल बाजारात आला की आमचा उतरतो. नागपूर, मुंबई, हैदराबादच्या गाड्या लागल्या की चढतो. धुकं पडलं की ट्रक अडकतात, ट्रक अडकले की माल साचतो, माल साचला की भाव गडगडतो. हिरव्या शेंगेला दम नसतो. सकाळी तोडलेली संध्याकाळी मान टाकते. त्यामुळे मटारवाला शेतकरी खरा माल विकतच नाही, तो वेळ विकतो. हे वाक्य माझं मलाच इतकं आवडलं की मी ते ठाण्यात सगळ्यांना ऐकवलं. बायकोलाही ऐकवलं. ती म्हणाली, छान आहे, आता येताना पाव किलो आलं आणा.

महिनाभरानं ती केस आली.

दुपारची वेळ. एका गावचे दहाबारा शेतकरी एका तरुणाला धरून ठाण्यात घेऊन आले. मारलं नव्हतं, पण कॉलर फाटली होती. हा त्यांच्याच गावचा पिकअपवाला. गावचा मटार जबलपूरच्या मंडीत पोचवायचा हाच त्याचा धंदा. तक्रार सरळ होती. सकाळी गाड्या निघायच्या वेळेला त्यानं गावाच्या ग्रुपवर आवाजी संदेश टाकला, आणि तो मला तिथेच ऐकवण्यात आला. "भैया, मटर गिर गया। बहुत गिर गया। बाकी लोग अभी मत निकलना।" पुढे काही नाही, फोन बंद. लोक घाबरले. ताजा तोडलेला माल ट्रॅक्टरवर चढलेला. मंडीपर्यंत न जाता त्यांनी तो सडकेवरच्या मोडीपाशी, म्हणजे वळणावर, काटा लावून बसणाऱ्या खरेदीदाराला निम्म्या भावात देऊन टाकला. दुपारी कळलं, मंडीत भाव चांगला चढा होता. आणि या पठ्ठ्यानं स्वतःचा माल त्याच चढ्या भावात विकला होता.

एक काका पुढे होऊन म्हणाले, "हमको रोक दिया और खुद जा के बेच आया। काटेवाले से मिला है, साहब।"

खबर पक्की, पुरावा फोनमध्ये, फायदा उघड. असा तयार गुन्हा पोलिसाच्या नशिबी क्वचित येतो. आणि विशेष म्हणजे 'मटर गिर गया' याचा अर्थ मला आता कोणाला विचारावा लागणार नव्हता.

मी त्याला आत घेतला. मुन्शीजी कागद घेऊन बसले. पोरगा तिशीचा असेल, मितभाषी, नजर जमिनीवर.

"मटर किसने गिराया?"

"हमसे ही गिरा, साहब।"

मी मुन्शीजींकडे पाहिलं. पहिल्याच प्रश्नाला कबुली.

"अकेले गिराया?"

"अकेले ही थे।"

"जानबूझ के?"

"कोई जानबूझ के काहे गिराएगा, साहब। कोहरा था।"

धुकं. मला आतून फार बरं वाटलं. धुकं, ट्रक अडकणं, माल साचणं, भाव. म्हणजे यानं धुक्याचा फायदा घेऊन अफवा रचली. मी मुन्शीजींना हे सगळं नीट लिहून घ्यायला सांगितलं, आणि धुक्याचा बाजारभावावर काय परिणाम होतो हे चार वाक्यांत समजावलं. मुन्शीजी लिहीत होते. पोरगा माझ्याकडे, शाळेत गणिताच्या तासाला बघावं तसा बघत होता. मधे दोनदा त्यानं तोंड उघडलं, दोन्ही वेळा मी म्हणालो, जितना पूछा उतना बोलो.

बाहेर व्हरांड्यात त्याची आई येऊन बसली होती. हातात डबा. मी बाहेर आलो तेव्हा ती उठली नाही, नुसती म्हणाली, "साहब, इसको बंद करना है तो कर दो। पर गाँव का मटर इसकी गाड़ी में नहीं जाएगा, तो ये घर किस मुँह से आएगा?"

गावकरी समोरच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि एकेकानं मान दुसरीकडे वळवली. तेच तिचं उत्तर होतं. मला त्या क्षणी जाणवलं, की मी लावीन ते कलम या मुलाला फार लागणार नाही. त्याला लागेल ते उद्या सकाळी, गाडी घेऊन गावात उभा राहील आणि एकही बोरा, म्हणजे पोतं, चढणार नाही तेव्हा. गावात भरवसा गेला की त्याला जामीन मिळत नाही.

मी विषय बदलावा म्हणून जीपकडे गेलो. आमचा ड्रायव्हर, प्रधान आरक्षक म्हणजे आपला हवालदार, टायरपाशी उकिडवा बसून काडीनं काहीतरी उकरत होता आणि पुटपुटत होता. विचारलं, काय करून राहिले? माझ्यासोबत राहून त्याला इतकी मराठी समजायची.

म्हणाला, "सर, सुबह वाली गायों की मेहरबानी है। देखिए, पूरा टायर हरा कर दिया।"

सकाळी ठाण्यावर येताना त्या मोडीपाशी गाईंनी आमची जीप अडवली होती. पंधरावीस गाई रस्त्याच्या मधोमध, हॉर्न वाजवला तरी एक हलेना. मी काच खाली करून त्यांना पोलिसी भाषेत समजही दिली होती. धुक्यात त्या खाली माना घालून काय करताहेत, ते पाहायची गरज मला वाटली नव्हती. गाय रस्त्यात उभी असते, त्यात चौकशी कसली?

ड्रायव्हरनं टायरच्या खाचेतून काढलेलं माझ्या तळहातावर ठेवलं. चिरडलेली शेंग होती, आत दोन दाणे अजून शाबूत.

मी ती शेंग तशीच हातात घेऊन आत गेलो आणि पोराच्या समोर टेबलावर ठेवली.

"बेटा," मी म्हणालो, आणि हा शब्द मी चौकशीत पहिल्यांदाच वापरत होतो, "मटर कहाँ गिरा?"

"मोड़ पे, साहब। सड़क पे। रस्सी ढीली रह गई थी। छह-सात बोरे नीचे आ गए, दो फट गए। पीछे से ट्रैक्टर आते तो कोहरे में चढ़ जाते, इसलिए बोला मत निकलना। खाली बोरे मँगवाने थे, उतने में मोबाइल बंद हो गया।"

"तो पहले क्यों नहीं बोला?"

त्यानं पहिल्यांदाच वर पाहिलं. "गाँव ने बोलने नहीं दिया। और आपने पूछा किसने गिराया। तो हमने बता दिया।"

मुन्शीजींनी हातातला कागद हळूच उलटा करून ठेवला. त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत, त्यातला हा एक.

म्हणजे अफवा पोरानं केली नव्हती. त्यानं धुक्यात मागच्या लोकांना सावध केलं होतं, आणि गावानं त्यात भाव ऐकला; गाव मोडीवर पोचलं तोवर सांडलेलं सगळं गाईंनी फस्त केलं होतं. पण मग एक प्रश्न उरला. काटेवाल्याचा काटा त्याच मोडीवर. त्यानं बोरे पडलेले पाहिले नसतील? पोराला विचारलं. तो म्हणाला, पाहिलं ना, त्याच्याच माणसांनी उचलायला मदत केली, फाटलेले दोन बोरे मी त्याच्याकडेच ठेवून गेलो, संध्याकाळी नेतो म्हणून.

काटेवाल्याला बोलावणं धाडलं. आला तो हात जोडूनच. त्याचं म्हणणं, माझा काय संबंध, साहेब. लोक स्वतःहून आले, म्हणाले मटर गिर गया, मीही संदेश ऐकला होता, धंदा केला. बोरे वगैरे मी काही पाहिले नाहीत.

कायद्यानं हे हलवणं कठीण. कोणी स्वतःहून स्वस्त विकलं तर घेणारा चोर ठरत नाही. मी त्याच्या काट्यावर जाऊन माल पाहायचं ठरवलं. गावकरी मागून आले, आणि त्या आईलाही जीपमध्ये पुढे बसवून घेतलं. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. डबा तिच्या मांडीवर तसाच होता.

काट्यामागे बोऱ्यांची थप्पी. मला सगळे बोरे सारखेच. मी दोनतीन उलटसुलट केले आणि शहाण्यासारखी मान हलवली. म्हातारी खाली उतरली, थप्पीभोवती एक चक्कर मारली, आणि तळातल्या एका बोऱ्याच्या तोंडाला हात लावला. तोंड पिवळ्या चिंधीनं बांधलं होतं, आणि फाटलेली एक बाजू सुतळीनं टाचलेली होती.

त्या भागात रीत आहे. एका गाडीत अनेकांचा माल जातो, म्हणून प्रत्येक घरची बाई आपल्या जुन्या साडीची चिंधी बोऱ्याला बांधते. कोणाची लाल, कोणाची काठाची. बोरा कोणाचा, हे गावात कोणी विचारत नाही, साडी ओळखतात.

ती म्हणाली, "ये मेरी हल्दी वाली साड़ी है। दो दिन पहले फाड़ी।" मग काटेवाल्याकडे वळून अगदी शांतपणे, "भैया, तुमने उठवाया था मेरा बोरा? तो तुमको मालूम था न, क्या गिरा है?"

पुढची चौकशी मला करावीच लागली नाही. गावातले काकाच बोलले. ते काटेवाल्याला म्हणाले, सकाळी मी तुला स्वतः विचारलं, खरंच पडला का रे, आणि तू म्हणालास, "अपनी आँख से देखा है, दादा।"

काकांशी तो एक अक्षरही खोटं बोलला नव्हता. डोळ्यांनी पाहिलंच होतं. मी इतकी वर्षं गुन्हेगार पाहिले, पण इतक्या खऱ्या वाक्यानं केलेली फसवणूक दुसरी पाहिली नाही. त्याच्यावर रीतसर गुन्हा नोंदवला. प्रकरण कोर्टात उभं राहायच्या आधीच त्यानं साऱ्या गावाला त्या दिवसाच्या मंडीच्या भावानं हिशेब चुकता केला, आणि पुढच्या हंगामात त्याचा काटा त्या मोडीवर दिसला नाही.

मला मात्र दुसरी गोष्ट लक्षात राहिली. परत निघताना काकांनी पोराच्या फाटक्या कॉलरकडे पाहिलं. मग म्हणाले, "कल मेरे बारह बोरे हैं। रस्सी कस के बाँधना।" पोरगा म्हणाला, हो दादा. आई जीपच्या पायरीवर बसली आणि डबा उघडला. तिनं आधी पोळी त्या काकांच्या हातात दिली.

या केसनं मला काय शिकवलं, असं पाहुणे विचारतात. मी म्हणतो, एवढ्या मोठ्या देशात माल हळू चालतो आणि शब्द पळतो. नागपूरला ट्रक पोचायच्या आधी भाव पोचलेला असतो, आणि भाव हा शेवटी कोणीतरी कोणाला सांगितलेला एक शब्दच असतो. तो नीट ऐकला नाही तर अख्खं गाव अर्ध्या रस्त्यातून परत येतं. पाहुणे मान डोलावतात.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा मी हे असंच, जरा आणखी खुलवून, बायकोला सांगितलं. ती ताट मांडीवर घेऊन मटार सोलत होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे पहिल्यांदा भाव पडला तेव्हा तुम्ही माल समजलात, आणि माल पडला तेव्हा भाव. अहो, त्या लेकराला 'काय झालं रे' असं साधं काहून नाही विचारलं?"

मी समोर बसून शेंगा सोलायला घेतल्या. चार दाणे हातून निसटून खाटेखाली गेले.

तिनं वर न बघताच म्हटलं, "आता सांगा. काय पडलं?"