बाकीच्या मेंढरांपाशी कोण होतं?

मागच्या मंगळवारी तळेगाव ढमढेऱ्याचे आबा आले आणि माझी तयार झालेली खिडकी नापास करून गेले.

आबा माझ्याकडे आले नव्हते, हे आधीच सांगतो. माझी बायको नर्स होती. आम्ही शिरूरला असताना त्यांच्या गावाकडच्या दवाखान्यात तिची ड्युटी असायची. आता आम्ही दौंडला, ती रिटायर झालेली, तरी आबा दोन गाड्या बदलून बीपी तपासायला तिच्याकडेच येतात. गावात डॉक्टर आहेत हो... पण त्यांचं बीपी म्हणे 'शिष्टरबाई'च्याच हातानं नीट समजतं.

मी पाळक, म्हणजे चर्चचा पास्टर. आणि रंगीत काचांच्या खिडक्या करतो. तरुणपणी चर्चची एक फुटकी खिडकी दुरुस्त करायला कटर हातात घेतला, तो काही सुटला नाही. काच कापायची, तुकड्यांच्या कडेनं शिशाची पट्टी बसवायची, सांध्यांना कथलाचा डाग द्यायचा... प्रवचनापेक्षा यात चूक लवकर दिसते, म्हणून बरं वाटतं.

रविवारी माझा निरोप समारंभ होता. त्याच दिवशी माझी शेवटची खिडकी चर्चला अर्पण करायची, तशी कार्डं छापून वाटलेली. विषय माझा नेहमीचाच. शंभरातलं एक मेंढरू हरवतं, मेंढपाळ नव्व्याण्णव मागे ठेवून त्याला शोधायला जातो आणि खांद्यावर घेऊन येतो.

आबांनी उभं आयुष्य मेंढरं वळली. आता पोरं ऊस आणि भाजीपाला करतात. चहा होईपर्यंत ते मागच्या शेडमध्ये आले, तसा मी जरा ताठ उभा राहिलो. कौतुक होणार ना!

"लई ग्वाड मेंढरू हाय," आबा म्हणाले. "पर हे हरवल्यालं न्हाई. कालच धुतल्यालं दिसतंय."

हरवलेल्या मेंढराच्या लोकरीत गोखरूचे काटे अडकलेले असतात म्हणे. आणि मेंढपाळ असा गोड हसत नसतो. दिवसभर वणवण करून सापडलं की आधी तोंडातून शिवी निघते, मग रडू येतं. चर्चच्या खिडकीत शिवी कुठे बसवणार, म्हणून मी हसण्यावारी नेलं.

मग त्यांनी विचारलं, "आन् बाकीच्यांपाशी कोण हाय?"

मी म्हटलं, कोणी नाही आबा. रानात सोडून गेला तो.

"रानात? आवो, कुठला मेंढक्या आसं करंल? एकापायी समदा कळप लांडग्याला?" आबा खरंच चिडले होते. "असंल की कुणीतरी! माझी कारभारीण असायची. म्या एकामागं जायचो, ती बाकीच्यांपाशी काठी घिऊन हुबी. मेंढरू घिऊन आलो की समदी म्हणायची, वा रं गडी! तिला कोण इचारतंय?"

चहा पिऊन, बीपी नॉर्मल आहे हे ऐकून आबा स्टँडवर गेले. माझं मात्र वाढलं असावं...

शिरूरला असताना चर्चमधला एक माणूस दारूपायी घर सोडून गेला होता. मी दोन दिवस जुन्या स्कूटरवर पार पाबळपर्यंत फिरलो, शोधला, घरी आणून सोडला. ही गोष्ट मी किती प्रवचनांत सांगितली असेल, त्याला गणती नाही. लोकांचे डोळे भरून यायचे... माझेही.

त्याच दोन दिवसांत आमचा थोरला तापानं फणफणला होता, हे मी एकदाही सांगितलं नाही. लपवलं नव्हतं, लक्षातच राहिलं नव्हतं. बायको त्याला कडेवर घेऊन ड्युटीवर जात होती. पुढे तिनं एकदाच ते सांगितलं होतं, भांडण न करता, भाजी निवडता निवडता. शेडमध्ये ते आठवलं आणि मला स्वतःची लाज वाटली. सरळच सांगतो.

बुधवारी खिडकीचा खालचा कोपरा उघडला. तिथं नुसता डोंगर होता, तो गेल्यानं कुणाचं काही अडणार नव्हतं. शिसं वाकवताना शेजारचे तीन तुकडेही तडकले. डोंगराच्या जागी मेंढरांमध्ये उभी एक बाई केली, हातात काठी. शनिवारी दुपारी शेवटचा डाग दिला. तोवर चर्चचे सेक्रेटरी दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेले होते.

मग बायकोला शेडमध्ये बोलावलं. ती कधी येत नाही, काचेचे कण पायात जातात म्हणते. चपला घालून आली, चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत राहिली. ही कोण, ते मी सांगायला गेलो नाही.

"हिच्या कडेवरचं पोर कुठंय?" तिनं विचारलं. "ताप होता ना त्याला..."

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. आत जाऊन कुकर लावला.

मी पक्कड घेतली आणि तोच कोपरा परत उघडला. सेक्रेटरींना फोन केला, तर ते "अहो साहेब, कार्डावर छापलंय!" असं तीनदा म्हणाले. छापलंय तर छापलंय, मी तरी काय करू?

रविवारी समारंभ झाला. शाल, हार, भाषणं... आणि खिडकीच्या जागी प्लायवूड. माझी पाळी आली तेव्हा ती स्कूटरची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी तापासकट.

आता पोर तयार होत आलंय. मेंढराच्या लोकरीत चार गोखरूही घातलेत, आबांसाठी. खिडकी बसेल तेव्हा वेदीपाशी नवे पाळक असतील आणि मी खाली बाकावर, बायकोच्या शेजारी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चर्चमध्ये ती आजवर एकटीच बसत आली.