बदकाच्या गळ्यातली सुपारी

या वहीत शुद्धलेखनाच्या चुका फार आहेत आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तरी माफी मागते. शाळेत बाईंपुढे वही उघडण्याआधी माफी मागायची सवय होती, ती अजून गेलेली नाही.

मी खडकीत वाढले. आई कोंबडीच्या दुकानात पक्षी साफ करायची. नाताळात बदकं यायची, तेव्हा मीही तिच्या हाताखाली बसायचे. काही बदकांच्या छातीपाशी, श्वासनळीला दोन फाटे फुटतात तिथे, डाव्या अंगाला हाडाची पोकळ गाठ सापडायची. सुपारीएवढी. आई म्हणायची, "सुपारी असली की नर. म्हणून बिचारा घसा बसल्यासारखा बोलतो." मादीला ती नसते. ओरडून गल्ली डोक्यावर घेते ती मादी.

लग्न होऊन वाघोलीला आले. पुढे खराडीकडे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. बंगालची, केरळची कॉम्प्युटरवाली मुलं खोल्या घेऊन राहू लागली आणि दुकानात बदकाची अंडी मागू लागली. मी बदकं पाळायला बचत गटाकडे कर्ज मागितलं.

"बोलायला लाजता, अंडी कशी विकणार?" अध्यक्षबाई म्हणाल्या. पण कर्ज दिलं, आणि गटाचा पैसा म्हणून खरेदीला स्वतः आल्या.

आम्ही गेलो तो लोणी काळभोरचा व्यापारी मूळचा कोंबड्यांतला. बदकं त्याने पहिल्यांदाच आणली होती. अडीच महिन्यांची पिल्लं ती, नराच्या शेपटीवर येतं ते वळलेलं पीस अजून कुणालाच आलं नव्हतं.

"ओरडतात ते नर," तो म्हणाला. "कोंबड्यांत आरवतं कोण? गप्प आहेत त्या माद्या. नर खाटकाच्या भावात, माद्या दीडपट."

"मग गप्प बघून चाळीस काढा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

चाळीस नर घरी आले असते तर अंडं एक नाही आणि कर्ज डोक्यावर. "उलटं आहे," मी म्हणाले. कोणी ऐकलं नाही. मग मी ओरडले, "अहो, उलटं आहे!" बदकंसुद्धा गप्प झाली.

व्यापारी हसला. "कितवी शिकलाय, ताई?"

"चौथी. पण मी बदकं आतून बघितलीत."

गप्प बदकांच्या डालग्यात एक वाटेतच मेलेलं होतं. मी सुरी मागितली. आधी पाठीच्या कण्याशी नराच्या दोन पांढुरक्या गोळ्या दाखवल्या. त्या कोंबड्यातही असतात, कोंबडेवाल्याला सांगाव्या लागत नाहीत. मग सुपारी काढून अध्यक्षबाईंच्या तळहातावर ठेवली. "ही असते म्हणून आवाज बसका."

व्यापाऱ्याने मान खाजवली. "मग आता ओरडणाऱ्यांचा भाव…"

"खाटकाचाच," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलात. बोललेला शब्द परत घेतला जाणार नाही."

छत्तीस ओरडणाऱ्या घेतल्या आणि चार बसक्या गळ्याचे.

थंडीत जुन्या दगडखाणीत साठलेल्या पाण्यावर ते चौघे माद्यांपुढे मिरवायचे. चोच पाण्यात बुडवून थेंब उडवायचे, अंग उंच ताणून बारीक शीळ घालायचे, मागोमाग खोल हुंकार. माद्यांचा एवढा गलका, तरी ती शीळ त्यांना बरोबर कळायची. मी एकदा रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी फुंकून पाहिलं, तर तसाच घुमता आवाज आला. ती सुपारी म्हणजे त्याच्या गळ्यातली बाटलीच. आवाज लहान, पण त्याचं काम होऊन जातं.

माझं मात्र तेवढ्यावर भागत नव्हतं. गटाच्या बैठकीत हप्ता देताना रक्कम मोठ्याने सांगावी लागते. मी दर महिन्याला पुटपुटायचे आणि अध्यक्षबाई ऐकू येत नाही म्हणून कानामागे हात धरायच्या.

अंड्यांच्या तिसऱ्या वर्षी मी नोटा त्यांच्यापुढे ठेवल्या आणि त्यांचा हात कानाकडे जायच्या आत म्हणाले, "शेवटचा हप्ता! सगळं कर्ज फिटलं!"

"ऐकू येतंय हो, बहिरी नाही मी," त्या म्हणाल्या. नोटा दोनदा मोजल्या आणि माझ्या नावापुढे लिहिलं, पूर्ण परत.