शशिकांतरावांच्या उल्का

सौदीतल्या बुरैदा शहरात आम्हा पंधरा-वीस मराठी घरांत शशिकांतरावांना ‘सर’ म्हणतात. त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही. एका फॅब्रिकेशन कंपनीत ते स्टोअर सांभाळतात, म्हणजे तेवीस वर्षं एसीत बसून कामगारांना हातमोजे नाकारतात. पण एकदा कुणाच्या तरी गच्चीवर त्यांनी दुर्बिणीतून मुलांना शनी दाखवला आणि ते खगोलतज्ज्ञ झाले. इतक्या स्वस्तात तज्ज्ञ होणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

दर हिवाळ्यात ते आमच्या गाड्या घेऊन वाळवंटातला उल्केचा खड्डा दाखवायला नेतात. सहा तासांचा रस्ता, त्यातले पाच तास त्यांचं भाषण. पोचल्यावर मुलं उतरायच्या आत ते “जागा बघून येतो” म्हणून एकटे पुढे जातात. गेल्या वर्षी मी डबे उतरवता उतरवता पाहिलं: त्यांचा हात खिशात जात होता आणि बाहेर येत होता, कोंबड्यांना दाणे टाकावेत तसा. मग मुलांना काळे गोळे सापडले, दोरीला बांधलेल्या लोहचुंबकाला ते चिकटले. “चिकटला की उल्का,” सर म्हणाले. आमची धाकटी नाचत होती, म्हणून मी गप्प बसले. ते माझं चुकलंच.

या वर्षी बरोबर भिकू होता. हा संगमेश्वरकडचा, सरांच्याच कंपनीत गॅस-कटर, राहायला कामगारांच्या कॅम्पात. त्याची मुलगी संपदा गावी नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायला तिला उल्केचा खरा तुकडा हवा होता, आणि बापाने तो आणायचं कबूल केलं होतं. आजवर तिने मागितलेली ही पहिलीच वस्तू, जी बाजारात मिळत नाही, असं त्यानेच मला सांगितलं. सरांनी त्याला यायला परवानगी दिली, मागे सामानाजवळ बसायच्या अटीवर.

खड्ड्याचा काठ इतका शाबूत, की कालच काही आदळलं असावं. भिकूने काठावर चपला काढल्या.

“देऊळ आहे काय रे?” सर म्हणाले, आणि चार जण त्यांच्याबरोबर हसले. या मंडळींना हसायला एवढं पुरतं.

मुलांचे गोळे सापडून झाले. भिकू तासभर वाकून शोधत होता, त्याला काही मिळेना. तेव्हा सरांनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि खिशातून एक मोठा गोळा काढून त्याच्या हातावर ठेवला. हा गेल्या खेपेचा, खास आपल्या संग्रहातला, मुलीला सांग कुणी दिला ते, असं बरंच बोलले. मोबाइल वर झाले.

भिकूने गोळा उलटा केला. अंगठ्याने चाचपला. चेहरा उतरला त्याचा.

“साहेब, हा आमच्या शेडमधला आहे. लोखंडाची प्लेट कापली की वितळून खाली लोंबतो, मग आम्ही छिन्नीने झाडतो. ही बघा छिन्नीची खूण.”

सरांना लाज वाटेल असं मला क्षणभर वाटलं. मीही भोळीच.

“लोखंड ते लोखंडच रे,” ते म्हणाले. “वरून पडलं काय, खाली कापलं काय. शाळेत कोण बघतंय? धर नीट, फोटो राहिलाय.”

ज्याच्या हातचं काम आहे त्यालाच ते आकाशातलं म्हणून द्यायचं! भिकूला डोळे असतील हे या माणसाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि आमची मंडळी? कुणी घड्याळात बघितलं, कुणी बिर्याणीचं झाकण उघडलं.

भिकूने फोटो काढू दिला नाही. गोळा खिशात घातला, आणि पुन्हा वाकून मुलांच्या नजरेतून सुटलेले गोळे वेचू लागला. आता त्याला ते लांबूनच ओळखू येत होते. मी पोळ्यांची रिकामी पिशवी घेऊन मागोमाग गेले. राहू द्या ना आता, असं म्हटलं.

“इथं नको, वहिनी. उद्या कुणी खरं समजून उचलेल.”

“आणि संपदाला काय सांगाल?”

“नाही मिळाला म्हणून सांगेन.”

तेवढ्यात सरांनी गाडीत बसून हॉर्न वाजवला. उशीर होत होता म्हणे. भिकूने मान वर केली नाही. मीही पिशवी धरून उभी राहिले.

वाजव म्हटलं, किती वाजवतोस ते.